घरीच तर आहे!

आपल्याकडे घराच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. ओसरी, बैठक, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, माळा, परसदार. भिंतीतल्या खोबणीलाही आपण कोनाडा म्हणून वेगळा मान दिला. पण या सगळ्या यादीत 'काम करण्याची जागा' असा शब्द शोधून सापडत नाही. कारण उघड आहे. सबंध घर हीच कामाची जागा होती. जाते रोवले तिथे दळण, विळी मांडली तिथे चिरणे, सूप घेऊन बसले तिथे पाखडणे. काम उठले की जागा मोकळी. त्या जागेवर काम करणाऱ्या बाईचा हक्क फक्त काम चालू असेपर्यंतच, आणि तोही कुणी 'जरा सरक' म्हणेपर्यंतच!

घरातून कचेरी चालवण्याची पद्धत मात्र आपल्याला नवी नाही. २०२० सालच्या टाळेबंदीने ती शोधून काढली असे शहरातल्या मंडळींना वाटते, ते खरे नाही. आमच्या वऱ्हाडात पटवाऱ्याचे दफ्तर त्याच्या घरीच असे. कागद रुमालात बांधलेले असत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद आजही रुमालांच्याच हिशेबाने मोजतात. सावकाराच्या घरी बैठकीत गादी, तक्क्या आणि पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी एवढे मांडले की झाली पेढी. जागा फार तर चार हात बाय तीन हात. पण त्या चार हातांच्या आसपास पोरे ओरडत नसत, बायका आत दाराआडून बोलत, आणि पाहुणा आला तरी आधी हिशेब पुरा होई, मग चहा. म्हणजे मुनीमजीला मिळत होती ती नुसती जागा नव्हती. 'हा माणूस आता कामात आहे' ही घराने दिलेली कबुली होती.

मला आज याच कबुलीबद्दल लिहायचे आहे. लहान घरात कामाची जागा कशी करावी याच्या युक्त्या पुष्कळ आहेत, काही मी खाली देणारही आहे. पण टेबल ठेवले म्हणजे कचेरी झाली, असे होत नाही. हे मी बँकेत शिकलो.

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढच्या वर्षांत बँका खेड्यापाड्यांत शिरल्या. शिरल्या म्हणजे कुठे? कुणाच्या तरी घरात! मी १९८३ साली नोकरीला लागलो तेव्हा माझी पहिली शाखा एका शेतकऱ्याच्या वाड्याचा पुढचा भाग होती. मागे घरमालकांची म्हैस, वर त्यांचा माळा, आणि पुढे आम्ही. मधे लाकडी फळीचे काउंटर. ती फळी नसती तर ती ओसरीच होती. पण फळीच्या अलीकडे पितळी टोकन आणि लेजर, पलीकडे गिऱ्हाईक, हा करार दोन्ही बाजूंनी मानला गेला. खुद्द घरमालकसुद्धा पैसे काढायला येत तेव्हा आपल्याच ओसरीत फळीपलीकडे उभे राहत. आज तीच गोष्ट बँक मित्राच्या घरी दिसते. रिझर्व्ह बँकेने २००६ साली व्यवसाय प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली, आणि आता खेड्यातल्या कितीतरी पुढच्या खोल्यांत एक टेबल, एक लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र एवढ्यावर बँक चालते. लोक त्या टेबलासमोर रांगेत उभे राहतात. कारण त्या टेबलावर पैसे मिळतात, हे दिसते.

ज्याचे काम दिसत नाही, त्याचे काय?

हा प्रश्न २०२१ साली आमच्या घरात येऊन बसला. फुलसावंगी हे आमचे गाव, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा भाग, कापूस-सोयाबीनचा. निवृत्त झाल्यावर मी वडिलोपार्जित घरात राहायला आलो. वाटण्या होऊन आमच्या हिश्शाला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि टिनाची ओसरी आली आहे. माणसे चार-दोन नव्हेत, सहा. माझी आई, आम्ही दोघे, मुलगा, सून आणि तेव्हा तीन वर्षांची नात. मुलाला उमरखेडला नोकरी लागली म्हणून ते पुणे सोडून आले. सूनबाईची नोकरी पुण्याच्या एका कंपनीत, हिशेब विभागात. कंपनीने सांगितले, सहा महिने घरून करून पाहा. जमले तर ठीक, नाही तर पुण्याला हजर व्हा किंवा राजीनामा द्या. म्हणजे तिच्या कोपऱ्यावर तिची नोकरी, आणि नोकरीवर कुटुंबाचे एकत्र राहणे अवलंबून होते.

पहिला महिना ती पलंगावर बसून काम करत असे. पाठ धरली. मग स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने. फोडणीचा ठसका थेट पुण्याच्या बैठकीत! आतल्या खोलीत मोबाइलची रेंज येत नाही, कारण जुन्या मातीच्या भिंती दीड फूट जाड. रेंज फक्त ओसरीत. तेव्हा ओसरीच्या उत्तरेच्या टोकाला सहा फूट बाय चार फुटांचा तुकडा आम्ही तिच्यासाठी आखला.

ज्यांना असा तुकडा आखायचा असेल त्यांच्यासाठी आमचा अनुभव सांगतो. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, म्हणून भिंतीला लटकणारे टेबल आमच्याकडे चालले नाही. सुताराकडून पाऊण इंची प्लायवूडची ४० इंच लांब, २० इंच रुंद फळी घेतली. एका बाजूला दुमडता पाय आणि दुसऱ्या बाजूला भिंतीलगत उभी चौकट. बिजागऱ्या लावल्याने रात्री फळी खाली पडते आणि तिथे खाट टाकता येते. उंचीचे गणित महत्त्वाचे. बाजारातली टेबले बहुधा २९-३० इंचांची, म्हणजे पुरुषाच्या मापाची. पाच फुटांच्या बाईचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात आणि मांड्यांना रग लागते. खुर्चीवर ताठ बसून कोपर काटकोनात दुमडावे. जिथे कोपर येते तिथे फळी यावी. आम्ही २७ इंच ठेवली, आणि पायाखाली चक्क जेवणाचा पाट दिला. लॅपटॉप माझ्या दोन जुन्या जाडजूड शब्दकोशांवर, म्हणजे नजर खाली झुकत नाही. टंकलेखनाला वेगळा कीबोर्ड.

उजेड डावीकडून यावा, म्हणजे लिहिताना उजव्या हाताची सावली कागदावर पडत नाही. खिडकी पाठीमागे आली तर पडद्यावर चेहरा काळा दिसतो, समोर आली तर डोळे दिपतात. जाड भिंतीचा एक फायदाही झाला. तिच्यातला कोनाडा इंटरनेटच्या डबीला नेमका बसला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवली. विजेचा भरवसा नाही, म्हणून १५० अँपिअर-तासांची बॅटरी आणि इन्व्हर्टर. एक पंखा, लॅपटॉप आणि नेट एवढेच त्यावर ठेवले तर सहा-सात तास निघतात. अर्थिंग मात्र जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे, त्यात काटकसर नको.

आणि ऊन! मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. टिनावर चुन्याचे दोन हात दिले, आतून बांबूच्या तट्ट्या बांधल्या, फरक कळण्याइतका पडला. कूलरशिवाय भागत नाही, पण त्याची घरघर पुण्यात ऐकू जाते. म्हणून सकाळी आठपासून कूलर लावून जागा थंड करून घ्यायची आणि बैठकीच्या वेळी बंद करायचा, असा बेत बसवला. आवाज अडवायला आईने शिवलेली जुन्या लुगड्यांची गोधडी दारावर पडद्यासारखी टांगली. बाजारातल्या कुठल्याही पडद्यापेक्षा ती सरस ठरली.

एवढे सगळे झाले. कोपरा दृष्ट लागावी असा झाला. आणि तरी काम होईना!

कारण दर अर्ध्या तासाने गोधडी बाजूला होई. "बाई, दळण टाकून देतं का?" "पोरीले घे जरा, मी आंघोळीले जातो." शेजारची कुणी आली की ओसरीतच टेकणार, आणि सूनबाई समोर दिसते तर तिच्याशी बोलणार. आईला एकदा समजावू गेलो, तर ती शांतपणे म्हणाली, "अरे, ते तं घरीच आहे नं? घरी असल्यावर घरचं नाही करावं?"

हे 'घरीच तर आहे' फार जुने आहे. आमच्या विदर्भातल्या भंडारा-गोंदियाकडे हजारो बायकांनी पिढ्यान्पिढ्या घरी बसून विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने, तंबाखू, दोरा, कात्री. ते सूप हीच त्यांची कचेरी. त्या कामगार आहेत हे कायद्याने मान्य करायला १९६६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्यांनाही कामगार म्हटले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून केलेल्या कामाबद्दल करार केला तो तर १९९६ साली. मुंबईत १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग सुरू केला, तोच आजचा 'लिज्जत'. तिथे घरी पापड लाटायचे तर घर स्वच्छ हवे आणि पापड वाळवायला जागा हवी, असा दंडक होता. ज्यांच्या घरी तेवढी जागा नाही त्यांना कणीक मळणे, पाकिटे भरणे अशी कामे मिळत. एका चौरस वावाने बाईच्या कामाचा प्रकार ठरत होता! मला यात विशेष वाटते ते हे, की त्या संस्थेने निदान जागेचा विचार केला. घरोघरी आपण तो करत नाही.

लेखक मंडळी यावर एक उत्तर तयार ठेवतात. म्हणे, ज्याला करायचे त्याला जागा लागत नाही. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून अण्णाभाऊ साठे लिहीत राहिले, याचा दाखला देतात. मीही बँकेच्या दिवसांत रात्री दहानंतर मांडीवर पॅड घेऊन कादंबऱ्या लिहिल्या. पण अण्णाभाऊंनी झोपडीत लिहिले हा त्यांचा मोठेपणा, त्यांना झोपडीत लिहावे लागले हा समाजाचा नव्हे. एकाची जिद्द दाखवून दुसऱ्याचे टेबल नाकारायचे, हा हिशेब मला बँकेतल्या माणसाला पटत नाही. शिवाय रात्री दहानंतर मी लिहू शकलो, कारण तोवर घरातली बाकीची कामे दुसऱ्या कुणीतरी आटोपलेली असत.

घराने माणसाच्या कामाला मान दिला की किती कमी जागेत भागते, याचे उदाहरण पाहायचे तर आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला जावे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले तेव्हा त्या खेड्याचे नाव सेगाव होते. घराला १०० रुपयांहून अधिक खर्च नको, अशी त्यांची अट होती. मातीच्या कुटीत जमिनीवर बैठक आणि पुढ्यात बुटके मेज, एवढ्यावर देशाचे राजकारण चालले. बाजूला दफ्तराची कुटी, तिथे टेलिफोन. पण त्या आश्रमाचा दिवस घंटेच्या ठोक्यावर चाले, कुणी केव्हा कामात आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. आणि तिथेच 'बा कुटी' आहे, ती पाहायला विसरू नये. सगळ्यांच्या गर्दीत कस्तुरबांची अडचण होते हे ओळखून जमनालाल बजाजांनी ती वेगळी बांधवली. साधेपणाच्या त्या शाळेतसुद्धा बाईला चार भिंती लागल्याच.

आमच्या घरी घंटा नव्हती. पण आई होती.

तिला पटवले ते मी नव्हे, सूनबाईने. एका दुपारी तिने आईला शेजारी पाट टाकून बसवले आणि पडद्यावरच्या ओळी दाखवल्या. कोणाचे किती देणे, कोणत्या खात्यात जाणार. आईने विचारले, "आन् चुकलं तं?" ती म्हणाली, "आजी, एक आकडा चुकला तर एकाचे पैसे दुसऱ्याला जातात. मग मला भरून आणावे लागतात." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे मह्या रेघोट्याच की."

या रेघोट्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. निंदणाला येणाऱ्या बायांचे रोज आई माजघराच्या भिंतीवर कोळशाने मांडत असे. प्रत्येकीची वेगळी ओळ, एका दिवसाला एक रेघ, अर्ध्या दिवसाला आखूड रेघ. वेचणीच्या दिवसांत कोणी किती कापूस वेचला हे तोंडपाठ. वडील आठवड्याला पैसे वाटत ते त्या भिंतीकडे पाहून. शेताचा मजुरीचा सबंध हिशेब त्या एका भिंतीवर होता. तिला कधी कुणी दफ्तर म्हटले नाही, आणि पोळ्याआधी घर सारवताना रेघा पुसल्या जात. भिंतीसमोर उभ्या असलेल्या आईला हाक मारताना 'ती कामात आहे' असे आमच्यापैकी कुणाच्या मनातही येत नसे.

त्या दिवसापासून ओसरीच्या खुंटीवर लाल दुपट्टा आला. दुपट्टा खुंटीवर असला की बैठक चालू. त्याची राखण आई करते. दुपारी एखादी शेजारीण डोकावली की आई हात वर करते, "थांब वं माय, ते कामावर आहे. सहा वाजता ये." नातीचे दुपारचे दोन तास माझ्याकडे आहेत, दळणाची पाळी मुलाकडे. सहा महिन्यांची मुदत संपली तेव्हा कंपनीने पुढे चालू ठेवायला सांगितले. आज चार वर्षांहून अधिक काळ ती फळी रोज सकाळी उघडते.

घरच्या कोपऱ्याचे असे कौतुक करताना एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही, आणि आमच्या गावाला तर मुळीच नाही. फुलसावंगीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये. फारसे न शिकलेल्या, वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्या इथल्या एका तरुणाने एका माणसाला बसता येईल असे हेलिकॉप्टर स्वतःच्या हाताने तयार केले होते. इंटरनेटवर पाहून, दोनेक वर्षे खपून. चाचणीच्या वेळी पाते तुटले आणि त्यात तो गेला. त्याच्याकडे हुन्नर होता. त्या हुन्नराला जाणते मार्गदर्शन, चाचणीची सुरक्षित जागा आणि 'हे आज नको' म्हणणारा अनुभवी माणूस लागतो, तो गल्लीतल्या दुकानात कुठून मिळणार? घरात बसून नोकरी करणाऱ्याला असा जिवाचा धोका नसतो हे खरे. पण सहकारी, वरिष्ठांचा सल्ला, सुट्टीची वेळ, पाठ दुखली तर विचारणारे कुणी, हे सगळे कचेरी देते आणि कोपरा देत नाही. म्हणून सूनबाई तीन महिन्यांतून एकदा चार दिवस पुण्याला जाऊन कंपनीत बसते, आणि सहा वाजता फळी खाली पाडण्याचा नियम ती स्वतःही मोडत नाही.

शेवटी थोडा हिशेब मांडतो, जुनी सवय. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे. त्यात स्वयंपाकाची जागा मोजलेली आहे, आणि ते योग्यच आहे. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. आमच्या फळीला आणि खुर्चीला मिळून लागते ती सुमारे १६ चौरस फूट, म्हणजे शंभरात सहा. ही सहा टक्के जागा काढायला नवी खोली लागत नाही. वर्षानुवर्षे न उघडलेली एखादी लोखंडी पेटी हलवली तरी निघते. कठीण आहे ते दिवसातले आठ तास त्या सोळा फुटांत कुणी पाऊल न ठेवणे.

तेव्हा आज रविवार आहे, घरी सगळे आहेत, तर टेप घेऊन जागा मोजण्याआधी एक विचारपूस करावी. घरात कोण पलंगाच्या काठावर बसून काम करते? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी पुस्तके कुठे ठेवते? शिवणकाम करणाऱ्या वहिनींचे मशीन पाहुणे आले की कुठे ढकलले जाते? ज्या माणसाचे नाव पुढे येईल त्याला विचारूनच फळीची उंची ठरवावी. आणि सुताराला निरोप धाडण्याआधी भिंतीवर एक खुंटी ठोकून घ्यावी.